ड्रोन किती उंच, किती जवळ: कळप मोजणं, कळप समजून घेणं आणि कळप हाकणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: हाताशी चार पंख्यांचा एक छोटा ड्रोन आहे. त्याने रानातल्या खुरवाल्या प्राण्यांचे कळप मोजायचे आहेत आणि कळप मिळून कसा हलतो हे व्हिडिओवरून समजून घ्यायचं आहे. शिवाय अनेक घरांची मिळून एकत्र चरणारी मेंढरं त्याच ड्रोनने राखता-वळवता येतील का, हेही पाहायचं आहे. उंची किती ठेवावी, कॅमेरा कोणता घ्यावा आणि कुठे काय चुकतं?

तिन्ही कामांचं उत्तर एकाच अंतराशी येऊन थांबतं. जनावराला ड्रोनची चाहूल ज्या अंतरावर लागते, ते हे अंतर. मोजणी आणि वर्तनाचा अभ्यास त्या अंतराच्या बाहेर राहून करायचा, आणि हाकायचं ते त्याच्या काठावरून. त्याच्या आत शिरण्याचं कारण दोन्हींत नाही. अभ्यास करताना जनावराने मान वर केली, की तिथून पुढचं चित्रण ड्रोनला बिचकलेल्या कळपाचं होतं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष फुकट जातो. हे अंतर प्रजातीगणिक बदलतं, कळपागणिक बदलतं आणि एकाच कळपासाठी वाऱ्याच्या दिवशी व शांत दिवशी वेगळं असतं. म्हणून ते दुसऱ्याच्या कोष्टकातून उचलू नका, आपल्या ड्रोनने, आपल्या प्राण्यांवर मोजून घ्या.

चाहूल कशाने लागते

आधी आवाज. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. म्हणजे ३० मीटरवरून ६० वर गेलात की ६ आणि १२० वर गेलात की १२ डेसिबलची सूट मिळते. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर मूळ स्वर २०० हर्ट्‌झचा असतो, आणि त्याच्या पटीतले स्वर वर चढत जातात. मेंढीला सुमारे ४० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, त्यामुळे आपल्या कानाला न येणारी बारीक शिटीही जवळून तिच्यापर्यंत पोचू शकते. पण जनावर बिचकतं ते आवाजापेक्षा आवाजातल्या बदलाने. एकसुरी गुणगुण कळप बराच वेळ सोसतो. एकदम वेग वाढवला, झटक्यात वळवला किंवा ड्रोन सरळ खाली उतरवताना स्वतःच्याच झोतात डुगडुगला, की सूर बदलतो आणि सगळ्या माना एकदम वर येतात. पंख्याच्या पात्याला बारीकशी खाच असली तरी आवाज कर्कश होतो. अशी पाती लगेच बदला, चालवून घेऊ नका.

वारा कळपाकडून तुमच्याकडे येत असावा. ड्रोनचा आवाज आणि तुमचा वास, दोन्ही त्यामुळे मागे राहतात.

मग दिसणं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात बदकं, रोहित आणि हिरव्या पायाचा तुतवार या पक्ष्यांकडे ड्रोन २०४ वेळा वेगवेगळ्या कोनांतून नेला. ड्रोनचा रंग किंवा जवळ येण्याचा वेग यांनी विशेष फरक पडला नाही. मात्र ड्रोन डोक्यावरून सरळ खाली आला तेव्हा पक्षी सर्वांत जास्त बिचकले. शिकारी पक्षी वरून झडप घालतो, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेत मिनेसोटामध्ये शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र बसवलेल्या काळ्या अस्वलांवर ड्रोन उडवण्यात आले. अस्वलं बहुतेक वेळा जागची हलली नाहीत, पण ठोके मात्र वाढले. सर्वांत मोठी वाढ मिनिटाला १२३ ठोक्यांची होती. वरून शांत दिसणारं जनावर आतूनही शांत असेल असं धरून चालू नका. पिल्लं जवळ असलेल्या आया, विणीची जागा आणि थंडीत अंगातली ताकद राखून असलेली जनावरं यांच्यावर म्हणूनच उड्डाण टाळावं.

सावलीचा विचार फार कमी लोक करतात. सूर्याचं बिंब आकाशात साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं, त्यामुळे कुठल्याही वस्तूची गडद सावली तिच्या रुंदीच्या सुमारे १०८ पट अंतरावर संपते. ३० सेंटिमीटरच्या ड्रोनची गडद सावली ३२ मीटरच्या आसपास विरते आणि त्याहून उंचावरून जमिनीवर फक्त पुसट डाग उरतो. एक मीटर पंखांच्या, विमानासारख्या ड्रोनची सावली बरीच खाली पोचते आणि आकारही घारीसारखा दिसतो. खुरवाले प्राणी एकवेळ ते सोसतील, पण पाणथळीवरचे पक्षी त्याला हमखास उडतात.

चाहुलीचं अंतर मोजायची पद्धत अशी. एक माणूस दुर्बीण घेऊन जमिनीवर बसतो आणि ड्रोन उडण्याआधी १५ मिनिटं, दर ३० सेकंदांनी, कळपातल्या किती जनावरांची मान वर आहे ते मोजतो. हा झाला आधाररेषेचा आकडा. मग कळपापासून निदान २०० मीटर लांब, झाडोऱ्याच्या किंवा उंचवट्याच्या आडून ड्रोन उडवायचा, तिथेच १२० मीटरपर्यंत चढवायचा आणि सेकंदाला ४–५ मीटर वेगाने आडवा कळपावर आणायचा. तीन मिनिटं थांबायचं. दुर्बिणीवाला मोजत राहतो. काही फरक नसेल तर ड्रोन पुन्हा आडवा बाहेर काढायचा, लांब नेऊन १० मीटर खाली उतरवायचा आणि परत आणायचा. कळपाच्या डोक्यावर उंची कमी करायची नाही, हा नियम इथेही मोडू नका. आधाररेषेपेक्षा दहात एक जनावर जास्त मान वर करून कान टवकारू लागलं, की ती उंची लिहून घ्या आणि कामाची उंची त्याच्या दीडपट ठेवा. ५० मीटरवर चाहूल लागत असेल तर ७५ च्या खाली काम नाही. हा प्रयोग चार-पाच कळपांवर करा, पण ज्या कळपांची आकडेवारी वापरणार आहात त्यांच्यावर करू नका. वारंवार ड्रोन पाहिलेला कळप सरावतो, आणि मग त्याचं वागणं इतरांसारखं राहत नाही.

बऱ्याच देशांत ड्रोनला १२० मीटरची कमाल मर्यादा आहे आणि तो नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. संरक्षित क्षेत्रात वेगळी परवानगी लागते. ही मर्यादा आणि चाहुलीचं अंतर यांच्यामध्ये जेवढी जागा उरते, तेवढीच तुमची.

उंचीचं गणित

चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर किती सेंटिमीटरचा, हे काढायचं सूत्र सोपं आहे: सेन्सरवरच्या पिक्सेलचा आकार गुणिले उंची, भागिले लेन्सची फोकल लांबी. एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. त्यावर ५४७२ बाय ३६४८ पिक्सेल आणि समोर ८.८ मिलिमीटरची लेन्स असेल, तर १०० मीटरवरून एक पिक्सेल २.७४ सेंटिमीटरचा पडतो आणि एका फोटोत १५० बाय १०० मीटर जमीन येते. नाकापासून शेपटीपर्यंत १.२ मीटरची मेंढी त्यात ४४ पिक्सेल लांब दिसते. त्याच कॅमेऱ्याचा ४के व्हिडिओ मात्र ३८४० पिक्सेल रुंद असतो, म्हणून तीच मेंढी ३१ पिक्सेलची होते. काही कॅमेरे ४के चित्रणात सेन्सरच्या कडा कापतात. तसं असेल तर जमीन कमी येते आणि हा हिशोब बदलतो, तेव्हा आधी जमिनीवर १० मीटरची फीत पसरून चाचणी घ्या.

माझा ठोकताळा असा आहे: नुसतं मोजायला जनावर लांबीला २० पिक्सेल पुरतं, व्हिडिओत एकेकाचा माग ठेवायला ३०–४० लागतात, आणि डोकं कुठे वळलंय, चरतंय की बघतंय हे ओळखायला ८० ते १००. शेवटचं काम रुंद लेन्सने करू गेलात तर कळपाच्या अंगावर जावं लागतं. त्यापेक्षा दुप्पट फोकल लांबीची लेन्स घ्या. दुप्पट उंचीवरून तोच तपशील मिळतो आणि कळप शांत राहतो. कॅमेऱ्यावर खर्च करायचा असेल तर मेगापिक्सेलपेक्षा लेन्सवर करा.

आता सर्वांत जास्त घडणारी चूक. बहुतेक ड्रोन उंची हवेच्या दाबावरून मोजतात आणि ती उड्डाणाच्या जागेपासून मोजतात. तुम्ही टेकाडावरून उडवलं आणि कळप ३० मीटर खाली घळीत असला, तर पडद्यावरची १०० मीटर उंची प्रत्यक्षात १३० असते. १.२ मीटरची मेंढी हिशोबात ९२ सेंटिमीटरची निघते आणि प्रौढ जनावरं कोकरांत गणली जातात. उपाय दोन आहेत. एकतर भूपृष्ठाच्या उंचीचा नकाशा ड्रोनला देऊन जमिनीच्या चढउताराप्रमाणे उडवा, नाहीतर चित्रात माहीत लांबीची वस्तू येऊ द्या. दुसरा उपाय कमी दिमाखाचा असला तरी कधी दगा देत नाही. हवेचा दाब दिवसभरात सरकतो, म्हणून दर उड्डाणाआधी शून्य नव्याने ठरवायचं.

फोटो पुसट येण्याचं कारण बहुधा शटर असतं. सेकंदाला १० मीटर वेगाने उडताना १/१००० सेकंदात ड्रोन एक सेंटिमीटर सरकतो, तेवढं चालतं. १/२०० ला ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दोन पिक्सेल, आणि पिल्लू आईच्या सावलीत मिसळून जातं. हे सरकणं अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवा. व्हिडिओ डोळ्याला गुळगुळीत दिसावा म्हणून छायाचित्रकार काळ्या फिल्टरने शटर मुद्दाम सावकाश करतात. मागोवा घेण्याच्या चित्रणात ते उलटं पडतं, तिथे प्रत्येक चौकट, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, सुटी आणि धारदार हवी. फिल्टर काढून ठेवा.

मोजणी

फोटो जोडून एक मोठा नकाशा करायचा आणि त्यावर जनावरं मोजायची, हा मोह सगळ्यांना होतो. त्यात धोका आहे. नकाशा जोडणारं सॉफ्टवेअर जमीन स्थिर आहे असं धरून चालतं. चालणारं जनावर लागोपाठच्या फोटोंत वेगळ्या जागी असतं, त्यामुळे नकाशात ते कधी दोनदा उमटतं, कधी अर्धंच उमटतं, कधी साफ पुसलं जातं. नकाशा अधिवासासाठी करा, त्याला पुढे ७५–८० टक्के आणि बाजूला ६०–७० टक्के फोटो एकमेकांवर चढलेले हवेत. जनावरं मात्र सुट्या फोटोंवर मोजा.

पट्ट्यापट्ट्यांनी उडताना पट्टा आखूड ठेवा. १२० मीटर रुंदीचा, १२०० मीटर लांबीचा पट्टा सेकंदाला १० मीटर वेगाने उडायला दोन मिनिटं लागतात. एका पट्ट्याची सुरुवात आणि शेजारच्या पट्ट्याचा शेवट यांत चार मिनिटांचं अंतर पडतं. सेकंदाला एक मीटर चालणारं जनावर तेवढ्यात २४० मीटर, म्हणजे दोन पट्टे ओलांडतं. ज्या दिशेने तुमचे पट्टे सरकतात त्याच दिशेने कळप चालला असेल तर जनावरं दोनदा मोजली जातात, आणि उलट चालला असेल तर सुटतात. पट्टा ३०० मीटरचा केला की हेच अंतर एका मिनिटावर येतं आणि चूक आवरते. कळप एकवटलेला असेल तर पट्टे कशाला? उंचावरून एकाच फेरीत, पाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या.

मोजणी दोन जणांनी, एकमेकांचं न बघता, त्याच फोटोंवर करावी. एकाने १८० मोजली, दुसऱ्याने १७०, आणि त्यातली १५३ दोघांनाही दिसलेली असतील, तर १८० गुणिले १७० भागिले १५३, म्हणजे २०० हा सुधारलेला अंदाज. फोटोत असून डोळ्यांतून सुटलेली जनावरं यातून सापडतात. झाडाखाली झाकलेली जी फोटोतच नाहीत, ती यातून सापडत नाहीत, त्यांच्यासाठी जमिनीवरून वेगळी पाहणी लागते. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खोटे पक्षी किनाऱ्यावर मांडून खरा आकडा आधी माहीत करून घेतला होता. जमिनीवरून मोजणाऱ्या अनुभवी माणसांपेक्षा ड्रोनच्या फोटोंवरची मोजणी ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक ठरली. पण ते उघड्या वाळूवर होतं. झुडपात एवढी आशा धरू नका.

उष्णतेचा कॅमेरा घेणार असाल तर आधी त्याची बारीकी किती कमी आहे ते समजून घ्या. ६४० बाय ५१२ पिक्सेल, १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १३.५ मिलिमीटरची लेन्स असेल, तर ६० मीटरवरून पिक्सेल ५.३ सेंटिमीटरचा पडतो आणि मेंढी २२ पिक्सेलची दिसते. १०० मीटरवरून जेमतेम १३. तेव्हा मोजता येईल, पण मेंढी की शेळी की हरीण हे ओळखता येणार नाही. उड्डाण पहाटे, सूर्य उगवायच्या आधी करा. रात्रभर जमीन निवलेली असते आणि जनावर उठून दिसतं. सकाळी उन्हाने दगड तापले की प्रत्येक धोंडा जनावर वाटू लागतो. दाट लोकर अंगातली उब आत कोंडून धरते, त्यामुळे लोकर न कातरलेल्या मेंढीची पाठ गार दिसते आणि फक्त तोंड व पाय चमकतात. वरून पाहताना तोंड खाली गवतात असेल तर एकच ठिपका उरतो. धुक्यात हा कॅमेरा जवळपास आंधळा होतो. अधूनमधून तो स्वतःला जुळवून घेताना चित्र क्षणभर थिजतं, ते बिघाडाचं लक्षण समजू नका. पहाटेचा उष्णतेचा फोटो आणि उजाडताना त्याच जागेचा साधा फोटो, अशी जोडी केलीत तर ठिपका कशाचा हे नक्की करता येतं.

कळप मिळून कसा हलतो

ड्रोनची खरी कमाई इथे आहे. गळ्यात पट्टे बांधून कळपातल्या काही जनावरांच्या जागा कळतात, पण वरून पाहिलं की सगळा कळप, एकाच वेळी, प्रत्येकाच्या शेजाऱ्यासह दिसतो. उत्तर कॅनडात स्थलांतर करणाऱ्या कॅरिबूंच्या वरून घेतलेल्या चित्रणातून, चालताना एकेक जनावर शेजाऱ्यांना कसा प्रतिसाद देतं याचे नियम काढले गेले (२०१८). पोर्तुगालमध्ये सेरा द आर्गा इथल्या मोकळ्या घोड्यांचे वरून ठरावीक अंतराने फोटो घेतले तेव्हा त्यांचे छोटे गट एकमेकांत मिसळतही नाहीत आणि फार लांबही जात नाहीत, अशी दोन थरांची समाजरचना दिसून आली (२०२१). जमिनीवर उभं राहून हे दिसलं नसतं, कारण तिथून पुढची जनावरं मागच्यांना झाकतात.

कॅमेरा सरळ खाली रोखून ड्रोन एका जागी थांबवा. तिरकं चित्रण सुंदर दिसतं, पण त्यात अंतरं मोजता येत नाहीत. अर्धा तास उडेल असं खोक्यावर लिहिलेला ड्रोन वाऱ्यात २०–२२ मिनिटं काम देतो. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत यायचं. तासाभराच्या अखंड चित्रणाला दोन ड्रोन आणि निदान चार-पाच बॅटऱ्या लागतात. दुसरा ड्रोन पहिल्यापेक्षा १०–१५ मीटर उंचावरून येतो आणि दोघांचं चित्रण ३० ते ६० सेकंद एकाच वेळी चालतं. मगच पहिला निघतो. हे मिनिटभराचं सामाईक चित्रण नसेल तर कोणतं जनावर कोणतं, हा धागा तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. थंडीत बॅटरी खिशात उबदार ठेवा आणि २० अंशांच्या आसपास आल्याशिवाय उडवू नका. काम संपल्यावर दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही.

१०० मेगाबिटच्या दराने ४के चित्रण तासाला ४५ गिगाबाइट होतं. बरेच कॅमेरे ४ गिगाबाइटला फाइल तोडतात आणि तुकड्यांच्या सांध्यात काही चौकटी हरवू शकतात. म्हणून चित्रण सुरू करताना जीपीएसवर चालणाऱ्या घड्याळाचा पडदा कॅमेऱ्यासमोर पाच सेकंद धरा. पुढे वेळ जुळवताना हा पाच सेकंदांचा तुकडा तुमचे दिवस वाचवतो.

चित्रण हाती आल्यावर कामाचा क्रम असा असतो. जनावर ओळखणारं जाळं (उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम) शिकवण्यासाठी ५०० ते १००० चौकटींवर प्रत्येक जनावराभोवती हाताने चौकोन काढा. त्या चौकटी वेगवेगळ्या उजेडातल्या, उंचीच्या आणि गवताच्या हव्यात. शिकवणीच्या आणि परीक्षेच्या चौकटी वेगळ्या करताना उड्डाणावरून करा. एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या चौकटी दोन्हीकडे गेल्या तर परीक्षा नुसती घोकंपट्टी होते, आकडा ९८ टक्के येतो आणि नव्या दिवशी यंत्र साफ नापास होतं. मग चौकटीचौकटींतले चौकोन जोडून प्रत्येकाचा माग तयार होतो. दोन जनावरं एकमेकांना चिकटली की त्यांची ओळख हमखास अदलाबदल होते. हे हातानेच दुरुस्त करावं लागतं, आणि कामाच्या अंदाजात हा वेळ धरला नसेल तर सगळं वेळापत्रक कोसळतं. शेवटी ड्रोनचं स्वतःचं डुलणं वजा करायचं असतं. साध्या जीपीएसची जागा एक-दोन मीटर इकडेतिकडे होते, तेव्हा जमिनीवरचे दगड, झुडपं अशा स्थिर खुणांना चित्र बांधा. पाच-सहा खुणांच्या जागा आरटीके यंत्राने (जीपीएसची चूक जागच्या जागी सुधारणाऱ्या) मोजल्या असतील तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूकता येते. वारं सुटलं की झुडपं हलतात, म्हणून खुणा दगडांच्या घ्या.

काय मोजायचं? तीन गोष्टींनी सुरुवात पुरे. पहिली, जवळच्या शेजाऱ्याचं अंतर, तेही मीटरमध्ये न लिहिता शरीराच्या लांबीच्या पटीत, म्हणजे लहानमोठ्या प्रजातींची तुलना होते. दुसरी, एकदिशता: प्रत्येक जनावराच्या तोंडाची दिशा म्हणजे १ एवढ्या लांबीचा बाण समजून सगळ्या बाणांची सरासरी काढली, तर तिची लांबी शून्य ते एक येते. विखरून चरणारा कळप शून्याजवळ, रांगेने पाण्यावर निघालेला एकाजवळ. तिसरी, कळप निघाला तेव्हा आधी कोण हललं, आणि त्याच्यामागे किती जण गेले. चरताना सेकंदाला एक नोंद पुरते, पळताना दहा लागतात.

एका तासात हजारो चौकटी मिळतात म्हणून नमुना हजारांचा होत नाही. कळप एक, तर नमुना एक. शंभर मिनिटं एकाच कळपावर घालवण्यापेक्षा वीस कळपांची पाच-पाच मिनिटं जास्त सांगून जातात. ड्रोन आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं मात्र या हिशोबात धरायची नाहीत.

ड्रोनने हाकणं

इथे चाहूल हेच हत्यार आहे आणि ते जपून वापरावं लागतं. प्रत्येक जनावराभोवती बुजण्याची एक कड असते. तिच्या आत काही शिरलं की ते दूर सरकतं, बाहेर गेलं की थांबतं. खांद्याच्या रेषेच्या मागून दाब आला तर पुढे चालतं, पुढून आला तर वळतं. गुराखी काठी न उगारता फक्त उभं राहण्याची जागा बदलून जनावर वळवतो, ते याच जोरावर. ड्रोनवाल्याने आधी गुराख्याच्या मागे आठवडाभर चालावं आणि मग रिमोट हातात घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कुत्रा मेंढरं कशी वळवतो यावर २०१४ साली एक साधं प्रारूप मांडलं गेलं आणि ते ड्रोनलाही लागू पडतं. कळपाच्या मध्यापासून एखादं जनावर फार लांब असेल तर आधी त्याच्या पलीकडे जाऊन ते कळपात ढकलायचं. सगळे एकवटलेले असतील तर जिकडे न्यायचं त्याच्या विरुद्ध बाजूला, कळपामागे जायचं. गोळा करा, मग हाका, पुन्हा कोणी पांगलं तर पुन्हा गोळा करा. ड्रोनवाले बहुतेक वेळा पहिली पायरी गाळतात आणि पांगलेला कळप आणखी पांगवतात.

सुरुवात १५–२० मीटर उंचीवर, कळपाच्या शेवटच्या जनावरापासून ३० मीटर मागून करा. सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने, डावीउजवीकडे नागमोडी जात पुढे या. कळप चालू लागला की लगेच थांबा. दाब सुटणं हेच जनावराला बक्षीस असतं. चालणाऱ्यालाही ढकलत राहिलात तर चालण्याचं पळणं होतं. डोक्यावर जाऊ नका: वरून आलेल्या धोक्याला दिशा नसते, म्हणून जनावरं चहूकडे फुटतात. दाराशी किंवा अरुंद वाटेशी कळप आला की ड्रोन ५० मीटर मागे घ्या आणि पुढचं माणसावर सोडा. कुंपणाच्या कोपऱ्यात दाटलेली मेंढरं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. ड्रोनच्या हाकण्यातला सर्वांत मोठा धोका हाच.

गाभण, नुकती व्यालेली, धापा टाकणारी जनावरं आणि भर उन्हाची वेळ, यांत ड्रोनने हाकायचं नाही. शेळ्या मेंढ्यांसारख्या एकवटत नाहीत, फुटून चढावर जातात. वासरू जवळ असलेली गाय पळण्याऐवजी तोंड फिरवून उभी राहते आणि मागची सगळी रांग अडते. घोडे तारेच्या कुंपणाजवळ असतील तर ड्रोन खालीच ठेवा. जंगली प्राण्यांना हाकणं तर फक्त त्यांच्या किंवा माणसांच्या जिवावर बेतलं असतानाच आणि परवानगीने. टांझानियात शेतात आलेले हत्ती ड्रोनने परत फिरवण्याचं काम झालेलं आहे, तिथे मधमाश्यांसारखी गुणगुणच उपयोगी पडत असावी. दक्षिण कोरियात बगळ्यांचा थवा ठरवलेल्या जागेपासून एकाच ड्रोनने वळवून दाखवला गेला (२०१८).

रोज हाकलंत तर कळप सरावतो आणि ड्रोनकडे बघतही नाही. मग उंची कमी करायचा, भुंकण्याचा आवाज लावायचा मोह होतो, आणि तोही चार दिवसांत बोथट होतो. उलट खाण्याच्या वेळी रोज तोच ड्रोन आणलात तर जनावरं त्याच्यामागे येऊ लागतात. बोलवणं किंवा हाकणं, दोन्हींपैकी एकच निवडा. एकच ड्रोन दोन्हींसाठी वापरला तर जनावर गोंधळतं आणि दोन्ही हातचं जातं.

अनेक घरांच्या सामाईक कळपात तर हाकण्यापेक्षा शोधण्याचा उपयोग जास्त. संध्याकाळी पाच कमी भरली तर मागे राहिलेली कुठल्या ओघळीत आहेत, पुढच्या पाणवठ्यात पाणी आहे का, कुठल्या उतारावर गवत उरलंय, हे एका उड्डाणात कळतं आणि कळपाला ड्रोनची चाहूलही लागत नाही. वरून मालक ओळखायचा असेल तर पाठीवरची रंगाची खूण निदान २५ सेंटिमीटरची हवी. १०० मीटरवरून ती नऊ पिक्सेलची दिसते. कानातला बिल्ला वरून दिसत नाही. लाल आणि तपकिरी रंग वाळल्या गवतात एकसारखे दिसतात, निळा उठून दिसतो. लोकरीला अपाय न करणारा, धुतल्यावर जाणारा खुणेचा रंगच वापरा.

पहिलं उड्डाण करण्याआधी सगळ्या घरांना एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवून घ्या: ड्रोन कोण उडवणार, चित्रण कोणाकडे राहणार, आणि त्यात शेजाऱ्याचं अंगण किंवा दुसऱ्याचं जनावर आलं तर काय करायचं. गवत-पाणी कुठे आहे ही माहिती एकाच घराच्या हाती गेली, तर सामाईक चराईचा तोल लगेच ढळतो. रानातल्या दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत हीच काळजी शिकाऱ्यांमुळे घ्यावी लागते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. फोटो कुठेही टाकण्याआधी ते काढून टाका, आणि मूळ फाइल फक्त अभ्यासाच्या डिस्कवर, कुलूपबंद ठेवा. व्हिडिओच्या सोबत ड्रोन उड्डाणाची जी नोंदफाइल तयार करतो, तिच्यातही जागा असते. ती काढायला लोक विसरतात.